घराला नवे जोडे

मागच्या जूनमध्ये आम्ही आमचं राहतं घर १५ मिलिमीटर वर उचललं. सगळं नव्हे, उत्तरेकडची भिंत तेवढी. चार जॅक, चार माणसं. सुतार हात वर करायचा, चौघे एकेकदा दांडा दाबायचे, मग तो भिंतीला कान लावून उभा राहायचा. ओंडके कुरकुरायचे, आत कपाटातल्या वाट्या किणकिणायच्या आणि पुन्हा सगळं शांत. मुलीला अंगणात उभं राहून खिडक्यांच्या काचांवर नजर ठेवायचं काम दिलं होतं. तडा दिसला की ओरडायचं. तिने ते पापणी न लववता केलं.

फिनलंडमध्ये या कामाला ‘केन्गितुस’ म्हणतात. म्हणजे जोडे घालणं; घोड्याला नाल ठोकण्यालाही हाच शब्द. ओंडक्यांच्या घरात सगळ्यात आधी कुजतात ते पायावर टेकलेले खालचे ओंडके. मग घर वर उचलायचं, कुजलेले ओंडके काढायचे, नवे बसवायचे आणि घर खाली टेकवायचं. वरची भिंत, छप्पर, खिडक्या जागच्या जागी राहतात. शंभर वर्षांच्या घराचे जोडे एक-दोनदा तरी बदललेले असतात.

आम्ही ओउलूला आलो त्याला अकरा वर्षं झाली. नवऱ्याची नोकरी टेलिकॉममधली. आधीची वर्षं फ्लॅटमध्ये काढली आणि चार वर्षांपूर्वी ओउलुयोकी नदीच्या काठाने, मुहोस गावाच्या दिशेला, १९२८ सालचं हे घर घेतलं. पाइनचे ओंडके दोन्ही बाजूंनी कुऱ्हाडीने तासून सपाट केलेले, भिंतीची जाडी साधारण सहा इंच, बाहेरून फळ्या मारलेल्या. आई-बाबांना पहिल्यांदा व्हिडिओवर दाखवलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, “विटा कुठे आहेत?” आणि आईचा, “एवढ्या थंडीत भिंतीतून वारा नाही येत?”

वारा येत नाही, याचं श्रेय एका खाचेला. प्रत्येक ओंडक्याच्या पोटाला लांबच लांब पन्हळ कोरलेली असते आणि तो खालच्या ओंडक्यावर टोपीसारखा बसतो. खालच्या लाकडाचा उंचसखलपणा वरच्या लाकडावर जसाच्या तसा उतरवायला सुतार दोन टोकांचं, चिमट्यासारखं लोखंडी हत्यार वापरतो: एक टोक खालच्या ओंडक्यावरून फिरतं, दुसरं वरच्यावर रेघ ओढतं. त्या रेघेवर कोरलं की दोघांत कागदही सरकत नाही. पन्हळीत जुन्या काळी वाळवलेलं शेवाळ भरत, आता जवसाच्या धाग्याची किंवा लोकरीची पट्टी घालतात. वरचं सगळं वजन तिला दाबून धरतं. कोपऱ्यावर ओंडके एकमेकांत अडकतात ते सांधे मला अजूनही बघत राहावेसे वाटतात. एका सांध्याचं नाव कुत्र्याची मान, दुसऱ्याचं साल्मन माशाचं शेपूट.

थंडीचं उत्तर मात्र एकट्या भिंतीत नाही. सहा इंच लाकूड आजच्या हिशोबाने फार ऊब धरत नाही. इथल्या बांधकाम नियमांतही ओंडक्यांच्या भिंतींना इतर भिंतींपेक्षा सवलत आहे. खरं काम करते घराच्या मधोमध उभी असलेली विटांची भट्टी. संध्याकाळी दोनदा बर्चची लाकडं भरून जाळली की बाहेर उणे २५ असलं तरी सकाळपर्यंत विटा ऊब सोडत राहतात. भिंती हवेतला ओलावा थोडा पितात आणि पुन्हा सोडतात. त्यामुळे हवा कोरडी होऊन नाक सोलवटत नाही, हे फ्लॅटमधून आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात जाणवलं.

नव्या घराचं प्रकरण वेगळं असतं. नवऱ्याचा एक सहकारी सध्या नवं ओंडक्यांचं घर बांधतोय. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत मात्र आटतं. त्यामुळे भिंत बसत जाते, उंचीच्या दर मीटरमागे १ ते ५ सेंटिमीटर. उभे खांब मात्र तसेच राहतात. म्हणून खिडकी-दाराच्या चौकटीवर मुद्दाम फट ठेवून ती मऊ लोकरीने भरायची आणि खांबांखाली स्क्रूचे पाय बसवून ते दर काही महिन्यांनी थोडे थोडे खाली घ्यायचे. हे विसरलं तर छप्पर खांबावर लोंबकळतं आणि भिंत त्याच्यापासून सुटते. आमचं घर कधीच बसून गेलंय. त्याचा प्रश्न म्हातारपणाचा होता.

तो सापडला शेजारच्या आजोबांना. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही त्यांना नावानेच बोलावते, पण घरात मुलीशी बोलताना ते आजोबाच. दोन वर्षांपूर्वी वसंतात बर्फ वितळल्यावर ते कॉफीला आले आणि जाता जाता उत्तरेच्या भिंतीशी थबकले. खालच्या फळीचा रंग फोडासारखा फुगला होता. त्यांनी कमरेची सुरी काढली, फळीखालून ओंडक्यात खुपसली. ती लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. तो आवाज, किंबहुना आवाज न होणं, मी विसरणार नाही. निरोगी पाइनमध्ये सुरीचं टोक दोन-तीन मिलिमीटरवर अडतं आणि टक् असं वाजतं.

फळ्या काढल्यावर कारणं एकामागून एक दिसली. आधीच्या मालकांपैकी कुणीतरी भिंतीला लागून फुलांचा वाफा केला होता. माती वर्षानुवर्षं चढत ओंडक्यापर्यंत आली होती. छपराचं पाणी त्या मातीवर पडून भिंतीवर उडत होतं. बाहेरच्या फळ्यांना कधीतरी प्लॅस्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग लावला होता, त्यामुळे आत गेलेलं पाणी आतच कोंडलं. आणि शेवटचं कारण आम्ही स्वतः. जमिनीखालच्या पोकळीत हवा खेळावी म्हणून पायाच्या दगडांत झरोके असतात. पहिल्या हिवाळ्यात पाय गारठतात म्हणून आम्ही ते बुजवले आणि उन्हाळ्यात उघडायचे विसरलो. दोन उन्हाळे ती पोकळी बंद होती. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते घर आमच्या हाती येईपर्यंत नव्वदहून अधिक वर्षं श्वास घेत होतं.

सुतार म्हणाला, लाकूड भिजतं म्हणून कुजत नाही, वाळू देत नाही म्हणून कुजतं. पाऊस आला, गेला, वारा लागला, तर पाइन कितीही वर्षं टिकतो. आमच्याच नदीतल्या तुर्कनसारी बेटावरचं लाकडी चर्च १६९४ सालचं आहे. मध्यंतरी ते विकलं गेलं, दुसरीकडे हलवलं गेलं आणि १९२२ मध्ये पुन्हा बेटावर आणून उभं केलं. ओंडक्यांचं घर सोडवता येतं, क्रमांक घालून गाडीत भरता येतं आणि दुसऱ्या गावात पुन्हा रचता येतं. आमच्या फळ्यांखालीही कुऱ्हाडीने मारलेल्या खुणा निघाल्या, एक रेघ, दोन रेघा, फुली. म्हणजे आमचं घरही १९२८ मध्ये कुठूनतरी आलेलं होतं! त्या दिवशी मी कामाचं सगळं विसरून तासभर खुणा मोजत बसले.

कुजलेले ओंडके दोन निघाले, साडेचार मीटर लांबीत. त्यांच्या जागी ताजं लाकूड घालायचं नाही, हे सुताराने आधीच बजावलं. ताजं लाकूड आटेल आणि वरची भिंत पुन्हा लोंबकळेल. पाडलेल्या एका धान्याच्या कोठाराचे जुने ओंडके त्याने शोधून आणले, आधीच वाळलेले, आधीच आटलेले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना जाड उभे वासे लावून ते आरपार बोल्टने आवळले, म्हणजे उचलताना भिंत पोटात वाकणार नाही. धुराड्याचा पाया वेगळा असतो, ते जागेवरच राहणार. त्यामुळे छपराजवळ धुराड्याभोवतीचा पत्रा आधी सैल केला. मग जॅक.

त्या शनिवारी गल्लीतले नऊ जण आले. कुणाला पैसे द्यायचे नसतात. याला ‘तालकोत’ म्हणतात आणि मला पहिल्यांदा कळलं तेव्हा तोंडून आपोआप निघालं, अरे, ही तर इर्जिक! आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या; ज्याचं काम त्याच्याकडे जेवण. इथे जेवण म्हणजे शेगडीवर भाजलेले सॉसेज आणि कॉफी. मी कांदेपोहे आणि टोमॅटोचं सार केलं. सार मगमधून कॉफीसारखं प्यायलं गेलं आणि दुपारी तीनला पातेलं रिकामं झालं.

कुजका ओंडका बाहेर आला तेव्हा हातात भुसा यावा तसा तो चुरत होता, पण मधोमध हातभर लांबीचा गाभा लालसर, राळेने भरलेला, अजून टणक. सुताराने तो कापून मुलीला दिला. तिच्या टेबलावर आहे, अजून वास येतो.

नवा ओंडका दगडावर थेट ठेवत नाहीत. मध्ये ओल अडवणारा थर लागतो. आजकाल डांबराचा कागद घालतात, पण आजोबांनी आग्रहाने बर्चची साल आणली होती, पन्हाळ्यासारखी वळलेली, रुंद. बर्च म्हणजे आपला भूर्जवृक्षच, हिमालयातला त्याचा भाऊबंद. ज्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, ती इथे घराच्या पायाखाली ओल अडवते. तिच्यात मेणासारखा अंश असतो, पाणी आरपार जात नाही. आम्ही दोन्ही घातले, खाली डांबर, वर भूर्ज.

मग रंग. जुना पापुद्रा धरणारा रंग खरवडण्यात जुलै गेला. त्याबद्दल फार लिहीत नाही, खांदे अजून दुखतात. पण नवा रंग मात्र आम्ही अंगणात शिजवला. त्याचं नाव पुनामुल्ता, लाल माती. एका मोठ्या पिंपात पाणी उकळायचं, त्यात हिराकस विरघळवायचं, मग राय धान्याचं पीठ गुठळी न होऊ देता हळूहळू सोडायचं आणि खळ शिजवतो तसं ढवळत राहायचं. शेवटी लाल मातीची पूड. आपल्या भाषेत सांगायचं तर गेरू, हिराकस आणि पिठाची खळ, बस. स्वीडनमधल्या फालुन गावच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीपासून हा लाल रंग पिढ्यान्‌पिढ्या बनत आला आहे. तो लाकडावर पापुद्रा धरत नाही, बोट फिरवलं तर थोडा बोटाला लागतो. दहा-पंधरा वर्षांनी सैल झालेली भुकटी ब्रशने झाडायची आणि वर पुन्हा लावायचा. भिंत आत-बाहेर कोरडी होत राहते. मला तो वास थेट आमच्या देवरुखजवळच्या घरी घेऊन गेला. आजी दिवाळीआधी तुळशीवृंदावनाला गेरू लावायची, तोच ओल्या मातीचा वास.

त्या घराचीही गोष्ट यात गुंतलेली आहे. मे महिन्यात कौलं उतरवून शाकारायची, पावसाच्या तोंडाला भिंतींना नारळाच्या झापांचा आडोसा बांधायचा, हे दरवर्षी व्हायचं. मग घरात माणसं उरली नाहीत आणि ‘एकदाचं पक्कं करून टाकू’ म्हणून मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. चार पावसाळ्यांत आतून ओल चढली, भिंत पोपडे सोडू लागली. तेव्हा कुणालाच कळलं नाही की भिंतीचं नाक दाबलं गेलंय. उत्तरेची भिंत उघडी पडली त्या रात्री मी काकांना फोन केला. आम्ही बराच वेळ बोललो. मागच्या मे महिन्यात त्यांनी मागच्या पडवीचा गिलावा काढून घेतला. भिंत आधी वाळू देणार आहेत, पुढचं पुढे.

इथून जवळच पुदासयार्वी नावाचं छोटं गाव आहे. त्यांच्या जुन्या शाळेतली हवा ओलीने खराब झाली, तेव्हा त्यांनी २०१६ मध्ये शेकडो मुलांसाठी ओंडक्यांची शाळा बांधली. मुलीला घेऊन बघायला गेलो होतो. तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर कोपऱ्यातल्या सांध्याशी वाकून नखाने लाकूड दाबून पाहिलं.

आता आमचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. मे महिन्यात झरोके उघडायचे, ऑक्टोबरअखेर अर्धे बंद करायचे. छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळांतली पानं काढायची. भिंतीपासून अर्ध्या मीटरपर्यंत माती नाही, फक्त खडी, आणि उतार घरापासून दूर. हिवाळ्यात भिंतीला टेकलेला बर्फ ओढून काढायचा. सुरी घेऊन घराला एक फेरी मारायची.

या मे महिन्यात मी ती फेरी एकटीने मारली. नवा ओंडका टक् वाजला. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र, सौनाच्या बाजूला, टोक सहा मिलिमीटर आत गेलं आणि अडलं. मी तिथे खडूने फुली मारून आजोबांना बोलावलं. त्यांनी आपली सुरी काढली, तीन ठिकाणी टोचून पाहिलं आणि म्हणाले, आधी छपराच्या पन्हळीचं तोंड वळव, पाणी इथेच पडतंय. पन्हळ त्याच संध्याकाळी वळवली. फुली अजून आहे.