तीस इंच्या आणि बारा मिलिमीटरचा घोटाळा

तिसावी इंची जूनच्या शेवटी झाली. गावात पेरण्या सुरू होत्या, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून एका दुपारी शेवटच्या चार एकदमच उरकल्या. ते दिसतंच. अठ्ठाविसावीतला सिग्नल दारूच्या नशेत उभा आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. इंची म्हणजे एक इंच बाय एक इंचाचं कागदी चित्र. दोन बाय दोन झालं की ट्विंची. अडीच बाय साडेतीन इंचाचं एटीसी, म्हणजे आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड, हे यांचं थोरलं भावंड. झुरिकच्या वांची स्टिरनेमान यांनी ते 1997 मध्ये सुरू केलं. एटीसी विकायचं नाही, अदलाबदल करायची, हा तिथला दंडक. इंच्यांनाही तो बरेच जण लावतात, मीही लावतो. समोरच्या पानठेल्यावाल्याने दहा रुपयांना एक मागितली होती. म्हटलं, तू एक काढून दे, घेऊन जा. अजून काढतोय.

तीसच का, तर शकुंतला या आगगाडीमुळे. आमच्या दारव्हा बाजूने यवतमाळ-मूर्तिजापूरचा नॅरोगेज रूळ जातो. इंग्रजांच्या काळात कापूस न्यायला टाकलेला, आता गाडी बंद, रुळांत बाभळी. दोन रुळांमधलं अंतर 2 फूट 6 इंच, म्हणजे बरोबर तीस इंच. तीस इंच्यांची एक पट्टी करायची, एका रुळापासून दुसऱ्यापर्यंत आडवी ठेवायची आणि फोटो काढायचा, एवढंच खूळ डोक्यात होतं. यवतमाळ, दारव्हा मोतीबाग, कारंजा, मूर्तिजापूर अशा चार पिवळ्या पाट्या आणि मधल्या सव्वीस चौकोनांत वाटेत दिसणारं काहीही.

कागदाची मला ददात नाही. झेरॉक्सच्या दुकानात लग्नपत्रिकांची एजन्सी आहे, आणि दर हंगामानंतर नमुन्यांचे जुने अल्बम बाद होतात. तीनशे जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम) आसपासचा जाड कागद, कुठे मखमली, कुठे सोनेरी फॉइल. त्यातला चमचमता मोतिया कागद दिसायला राजा, कामाला कुचकामी. जेल पेनची शाई त्यावर तासाभरानेही बोटाला लागते. तो मी फक्त किनारीला वापरतो. झेरॉक्सचा 75 जीएसएमचा कागद मात्र इंचीच्या पोटात उत्तम. खाली जाड पत्रिका, वर तो, आणि त्यावर चित्र.

पत्रिका कापताना आईशी एकदा वाजलं. "बाप्पा, गणपतीवर कैची कायले चालोतं रे?" तिचं खरं होतं. तेव्हापासून गणपती अखंड राहील असाच चौकोन काढतो. त्यासाठी जुन्या एक्स-रे फिल्मला एक इंचाची खिडकी कापून घेतली आहे. ही खिडकी पत्रिकेवर सरकवत बसायचं. अख्खी पत्रिका एरवी डोळ्यांना खुपते, पण खिडकीतून कधी केळीच्या पानाचा नुसता कोपरा दिसतो, कधी 'शुभ' मधला 'भ'. निम्म्या इंच्या मला अशाच सापडल्यात, काढाव्या लागल्या नाहीत.

आता कागद वाकण्याचं. हे मी वर्षभर हवेवर ढकलत होतो. मे महिन्यात इकडे पारा 45 ला टेकतो. फेव्हिकॉल लावून कागद उचलेपर्यंत तो वाळलेला असतो, म्हणून कुलरसमोर बसायचो. कुलरच्या दमट हवेत चौकोन पापडासारखे वळायचे. मग एका बाइंडरने सांगितलं की गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेला झोपलेले असतात, आणि ओल लागली की ते लांबीत नाही, जाडीत फुगतात. खालच्या कागदाचे तंतू उभे आणि वरच्याचे आडवे असले की दोघांची ओढाताण. मोठ्या कागदाला वाकवून दिशा कळते: ज्या बाजूने सहज गोल होतो, तंतू त्या गुंडाळीच्या लांबीत. एक इंचाचा तुकडा असा वाकवून काय कळणार? म्हणून आता कापायच्या आधीच अख्ख्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने बाणांच्या ओळी मारतो. प्रत्येक चौकोनाच्या पाठीला एक बाण येतो, बाणाला बाण जुळवून चिकटवायचं. कुलर तोच, जागा तीच, दहातल्या नऊ सपाट राहतात.

त्याच माणसाकडून खळीचं कळलं. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, घरातल्या पातेल्यात शिजवू नका. मी डालड्याचा डबा ठेवलाय, त्यावर लाल फुली.

सतरावी इंची मला अजून आवडते. फुटलेलं बोंड. आधी रंगवून पाहिलं, पण एक इंचात पांढरं बोंड म्हणजे नुसता ठिपका. मग आमच्याच पऱ्हाटीची चिमूटभर रुई काढली, सरकी वेगळी केली, खळीवर बसवली. फुगून चांगली चार मिलिमीटर उंच झाली, पट्टीवर मांडली की कुबड आल्यासारखी. जिनिंगवाले 170 किलोची गाठ दाबतात तशी दाबायची ठरवलं. वर बटर पेपर, त्यावर दोन रजिस्टरं आणि वरून वरवंटा. सकाळी उघडली तेव्हा रुईचे तंतू खळीत पसरून बोंडाच्या पाच फाका आपोआप उमटल्या होत्या. पाकळ्यांना तपकिरी पेन्सिलीची एकेक रेघ दिली, बस. पुन्हा तशी जमली नाही, तीनदा करून पाहिली.

तर जुलैत एका रविवारी भाच्याला घेऊन रुळावर गेलो. पट्टी मागून कापडी टेपने जोडलेली. बाभळीचे काटे बाजूला केले, डाव्या रुळाला टोक टेकवलं, उलगडत नेली. उजवीकडे फट राहिली. भाचा म्हणाला, "मामा, हे तं कमी पडून रायलं." मी म्हटलं, रूळ सरकले असतील, किती वर्षं झाली, लाकडी स्लीपर कुजलेत. तीन ठिकाणी लावून पाहिली. तिन्हीकडे फट जवळजवळ तेवढीच. रूळ असे सगळीकडे सारखे थोडेच सरकतात!

घरी आल्यावर मोजलं. पट्टी 75 सेंटिमीटर. पाहिजे होती 76.2. बारा मिलिमीटर गेले कुठे?

फूटपट्टीत गेले. आपण तिला फूटपट्टी म्हणतो आणि ती असते 30 सेंटिमीटरची. खरा फूट 30.48. माझ्या पट्टीची इंचाची बाजू कटर मारून मारून खरडली गेली होती, म्हणून मी दुसऱ्या बाजूने 30 चे बारा भाग केले: अडीच सेंटिमीटर, एक इंच, सोप्पं. शाळेत मास्तरांनीही तसंच शिकवलेलं. एका इंचीत 0.4 मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. तिसात बारा होतात. मी नऊ महिने ज्यांना इंच्या म्हणून पोस्टाने पाठवल्या त्या सगळ्यांच्या वहीत माझी रांग अंगाने जरा कमी भरत असणार. कोणी बोललं नाही. भिडस्त लोक आहात.

दोन दिवस पट्टीकडे पाहिलंही नाही. मग तान्हा पोळा जवळ आला.

भाच्याचा लाकडी नंदी आमच्या सुताराने केलेला आहे, चार चाकांचा, वीतभर. दरवर्षी त्याला बेगडाची झूल. या वेळी तिसातल्या अठ्ठावीस इंच्या सोडवल्या (सतरावी आणि दारव्ह्याची पाटी ठेवून घेतली) आणि आईच्या जुन्या ब्लाउजपीसवर चार बाय सात अशा मांडल्या. दोन चौकोनांत दोन मिलिमीटर जागा सोडायची, नाहीतर झूल पाठीवर वाकत नाही, फळकुटासारखी उभी राहते. ही फट कापडाच्या रंगाची दिसते, त्यामुळे लाल ब्लाउजपीस घेतला ते बरं झालं. वरून मेणबत्ती घासली. नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागत फिरताना पाऊस आलाच. मेण लागलेल्या पंचविसांवरून पाणी घरंगळलं, ज्या तिघींच्या कडा घासायच्या राहिल्या त्यांची शाई फुटली. मूर्तिजापूरची पाटी त्यात गेली. पण गावात इतर नंदींवर बेगड आणि आमच्यावर आगगाडी, पोट्ट्याला बोजारा जोरात मिळाला. त्यातले वीस रुपये मला कागदासाठी दिले.

नव्या पट्टीची हकीकत छोटी आहे. सुताराकडून लोखंडी गुण्या मागून आणला, स्टीलची पट्टी घेतली, आणि चौकोन सुटे मोजायचं बंद केलं. आधी एक इंच रुंदीची लांब पट्टी कापायची, मग लाकडाच्या ठोकळ्याला टेकवून आडवे काप. ठोकळा एकदाच 25.4 वर बसवला की मोजायचं कामच उरत नाही. ए-4 कागदातून हिशोबाने अठ्ठ्याऐंशी निघतात, आठ गुणिले अकरा. माझ्या हातून ऐंशीच्या वर अजून गेल्या नाहीत, पात्याची जाडी आणि घाई यांत बाकीच्या जातात.

सध्या अकरा झाल्यात. यवतमाळची पाटी, बाभूळ, रिकामी मालगाडी, तुरीचं ओझं घेतलेली बाई (डोकं छान, पाय फसले), बाकीची फॉइलची भर. सतरावी जुनीच आणायची होती, पण ती अडीच सेंटिमीटरची. तिला खाली बरोबर इंचाचा पत्रिकेचा तुकडा लावून चौफेर 0.2 मिलिमीटरची सोनेरी कड दिली. कड डोळ्याला दिसत नाही. भिंगातून दिसते.