मी तुझी ताई नाहीच

रात्री दिवा मालवला की ताईचा खेळ सुरू व्हायचा. आधी ती गप्प पडून राहायची. मी दोन-तीन हाका मारायचे. उत्तर नाही. मग अंधारातून तिचाच, पण अगदी सपाट आवाज यायचा, "मी तुझी ताई नाहीच." माझी पाचावर धारण बसायची. आणि घाबरून मिठी मारायचे ती कुणाला, तर तिलाच. दुसरं होतंच कोण त्या अंथरुणात!

पुढे भयकथांचा नाद लागला. पडके वाडे, कुत्र्यांचं रडणं, आपोआप हलणारी खुर्ची, हे सगळं पाच-पंचवीस कथांत सरावाचं होतं. (हलते तर हलू दे बापडी.) पण हाक घरच्या माणसाच्या आवाजात आली की अजूनही काटा येतो. परक्या भुताला दार उघडायचं नाही, एवढं कुणालाही कळतं.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ सालची माकडाच्या पंजाची कथा मी कितीदा वाचली असेन. इच्छा पुरवणाऱ्या पंजाकडे बाप २०० पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई येते नेमकी तेवढीच. काही दिवसांनी आई हट्टाला पेटते, माझं पोर परत माग. तो मागतो. रात्री दार वाजतं. ती धावत जाऊन खालचा अडसर काढते, वरच्याला हात पुरत नाही म्हणून खुर्ची ओढते. इकडे बाप जमिनीवर रांगत, चाचपडत पंजा शोधतोय, शेवटची इच्छा मागायला.

बाहेर कोण आहे ते जेकब्ज दाखवतच नाही. पण बापाने प्रेत पाहिलेलं आहे. मुलगा केवळ कपड्यांवरून ओळखू आला होता, आणि हे त्याने बायकोला सांगितलेलं नसतं. तिला सोसणार नाही म्हणून. पुढे सांगतो, तोवर ती ऐकण्यापलीकडे गेलेली असते. एवढ्याशा त्या घरात दोघंही त्याच मुलासाठी जिवाच्या आकांताने धडपडताहेत, एक दार उघडायला, दुसरा ते उघडू नये म्हणून. मला भीती वाटते ती त्या ओढल्या जाणाऱ्या खुर्चीची. ती आपोआप हलत नाहीये ना!

भयकथेतलं आणखी एक वाक्य मला भुतापेक्षा वाईट वाटतं. "तुला भास झाला असेल." म्हणणारा बहुधा प्रेमळच असतो, पाण्याचा पेला आणून देतो, पाठीवरून हात फिरवतो, आणि कूस बदलून झोपी जातो. इथून पुढे ती बाई त्या घरात एकटी. तो शेजारी घोरत असला तरी.

परवा फोनवर ताईला त्या खेळाची आठवण करून दिली. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "एकदा तू मिठी मारलीच नाहीस. गुपचूप भिंतीकडे सरकलीस. मी किती वेळ सांगत होते, अगं मीच आहे, मीच आहे."

मला हे अजिबात आठवत नाही.