भाच्याचा गुगल फॉर्म आणि प्रश्न नंबर ११

मागच्या रविवारी सकाळी सकाळी भाच्याचा मेसेज आला. "मामा, तेवढा फॉर्म भरी दे ना, दोन मिनिटनं काम शे." जळगावला एमबीएच्या शेवटच्या वर्षाला आहे तो आणि प्रोजेक्टचा विषय आहे "लघु व्यावसायिकांमधील नाविन्यपूर्ण व्यवस्थापन पद्धतींचा अभ्यास". म्हटलं अरे मी नोकरदार माणूस, मी कुठला लघु व्यावसायिक, तर म्हणे चालस रे, शंभर पूर्ण कराना शेतस.

फॉर्म उघडला. पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे पाच गोळे, पूर्ण सहमत पासून पूर्ण असहमत पर्यंत. दहा प्रश्नांवर पटापट टिक केलं, अकराव्याला अडकलो. "माझ्या व्यवसायात नवीन कल्पनांचे स्वागत केले जाते." आता सांगा, जळगावात असा कोणता दुकानदार आहे जो म्हणेल की नाही बुवा, माझ्याकडे नवीन कल्पना आली की मी तिला झाडूने हाकलतो?

हसायला आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण पंधरा वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं, किंबहुना याच्याहून वाईट. माझा प्रोजेक्ट एका डाळ मिलवर होता, कामगारांच्या समाधानावर. तेव्हा गुगल फॉर्म आमच्यापर्यंत पोचला नव्हता, झेरॉक्स होती. साठ फॉर्म घेऊन गेलो तर तिथले मुनीमजी म्हणाले, "भाऊ, किती भरायचे आहेत?" आणि चहा पिता पिता त्यांनी एकट्याने चाळीसेक भरून टाकले, एकाच निळ्या पेनाने, मधेच एखादा 'असहमत' टाकत, म्हणजे खरं वाटावं म्हणून, माणूस हुशार होता. मी ते सगळं कॉम्प्युटरमधे घातलं, रंगीत पाय चार्ट काढले, गृहीतक सिद्ध झालं असं लिहिलं. तोंडी परीक्षेत सरांनी फक्त एवढंच विचारलं की सॅम्पल साइज किती, म्हणजे किती जणांना विचारलं.

पण त्या मिलमधे मी दोन-अडीच तास बसलो होतो ना. तेवढ्या वेळात मशीन दोनदा बंद पडलं, दोन्ही वेळा ते मेकॅनिकने नाही तर एका झाडणाऱ्या बाईने पट्टा कुठे सरकलाय ते दाखवल्यावर चालू झालं, गाडी कुठे लावायची यावरून हमालांची आणि मुकादमाची जुंपली, शेठ फोनवर तुरीचा भाव विचारत होता आणि त्याच्या उत्तरावर आजचं अख्खं काम ठरत होतं. यातलं एक वाक्य माझ्या रिपोर्टमधे नाहीये. ती बाई तर नाहीच नाही.

पाच गोळ्यांची ती पट्टी लायकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ मधे काढली, त्याचा काही दोष नाही. माणसाचं मत मोजायला ती चांगली आहे. आपण तिने काम मोजायला निघालो हा आपला घोळ.

नंतर नोकरीत जरा स्थिरावल्यावर असल्या गोष्टी वाचायचा नाद लागला. कॅनडाच्या हेन्री मिंट्झबर्ग या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाचं काम वाचलं तेव्हा मला ती डाळ मिलच आठवली. मॅनेजर लोक प्लॅनिंग करतात, संघटन करतात, नियंत्रण करतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं, तर याने काय केलं, पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या मागे प्रत्येकी एक आठवडा नुसता फिरला आणि जे दिसेल ते वहीत लिहिलं. निघालं काय, तर त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती, तासाभराच्या वर चालणारी कामं दहा टक्केच. म्हणजे दिवसभर फोन, कोणीतरी दारात उभं, कुठेतरी आग विझवणं. आमच्या मिलच्या शेठसारखंच की. फक्त पाच माणसं आणि पाच आठवडे. आमच्या गाइड सरांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते सॅम्पल अपुरं आहे, परत जा.

पाहण्यातही गोम आहे म्हणा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ प्रयोग चालले होते, ते प्रत्येक एमबीएवाल्याला पाठ असतं की उजेड वाढवला तर उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण आपल्याकडे कोणीतरी बघतंय हे कामगारांना कळलं होतं. २०११ मधे दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते जुने आकडे हुडकून परत तपासले तर ती गोष्ट वर्गात सांगतात तेवढी सरळ नव्हती असं दिसलं. आम्ही मात्र ती परीक्षेत दहा मार्काला लिहून आलो.

हे कारखान्यांचं नि साहेबांचं झालं, आता शहरांचं. मी धुळ्याचा, गल्ली नंबर पाचचा. बाहेरच्या माणसाला मजा वाटते की गावाच्या गल्ल्यांना नंबर कसे, आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. आणि गावाला लागून तो आग्रा रोड, लहानपणी मला वाटायचं हा रस्ता आपल्यासाठीच केलाय. याच रस्त्याने सरळ वर गेलं की इंदूर, आणि इंदूरला शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचा एक भन्नाट म्हातारा येऊन गेला. मूळचा स्कॉटलंडचा, शिक्षणाने जीवशास्त्रवाला, १९१४ मधे भारतात आला आणि इथल्या गावामागून गावांचे रिपोर्ट लिहीत सुटला, पुढे १९१९ ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचा पहिला प्रमुखही झाला. त्याचं म्हणणं सोपं होतं. आधी पाहणी, मग आराखडा. तेव्हाचे इंजिनियर नकाशावर पट्टी ठेवून जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायचे, मधे येणारी घरं पाडायचे. हा मात्र गल्लीबोळांतून पायी फिरायचा, कुठली विहीर वापरात आहे, कुठे झाड आहे, कुठली एखादी पडकी भिंत काढली की हवा खेळेल, ते बघायचा.

इंदूरला तेव्हा प्लेगची भीती, आणि हा गोरा म्हातारा नकाशे घेऊन गल्ल्यांमधून फिरतोय म्हटल्यावर लोक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे म्हणे, हाच तो प्लेग आणणारा साहेब. दुसरा कोणी असता तर पोलीस संरक्षण मागून मोकळा झाला असता. याने महाराजांकडून एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हातात घेतली. दवंडी अशी की ज्या रस्त्यावरची घरं जास्त साफ आणि दुरुस्त असतील त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. मग काय, जो तो घर झाडायला नि रंगवायला लागला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस, प्लेगचा भलामोठा उंदीर, आणि गावातले सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत मानाने चाललेले. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. १९१८ मधे त्याचा इंदूरचा रिपोर्ट दोन खंडांत निघाला. मला रिपोर्टपेक्षा तो उंदीर जास्त आवडतो, कारण लोकांना मिरवणूक कुठून जाते याची पडलेली असते हे कुठल्याच फॉर्ममधून कळलं नसतं, गावात राहूनच कळतं.

आणि आपल्याकडचं सांगायचं राहिलंच. माझे मोठे काका साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे. त्यांच्याकडे पूर्वी फड होता. फड म्हणजे नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे तुकडे, त्यांना फड म्हणायचे. एका अख्ख्या फडात एकच पीक, त्यामुळे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागायचं. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणता फड यंदा कोरडा, ते गावचे पंच नदीचं पाणी बघून ठरवायचे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी, म्हणजे एक फड सुकला तरी कोणीच पुरता बुडत नाही. पाणी द्यायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांना गावाने धान्य द्यायचं. काही शतकं हे असं चाललं. मग वर धरणं झाली, विहिरी नि मोटारी आल्या, बरेच फड मोडले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईला २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्याच गोष्टींसाठी. स्पेनमधले पाट, स्वित्झर्लंडमधली गायरानं, फिलिपाइन्समधले बंधारे, असं जगभरचं बारीक बघून ती म्हणाली की सामाईक गोष्ट म्हटली की लोक ती ओरबाडून संपवणारच असं काही नसतं, जिथे नियम लोकांनी स्वतः केलेत आणि राखणदार त्यांचाच आहे तिथे ती टिकते. काकांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं तर त्यांनी तंबाखू मळत विचारलं, "ती बाई आठे उनी व्हती का?" नव्हती आली. "मंग बरं सांगस ती." एवढंच.

काका एकदा असंही म्हणाले होते की पोरं येतस, फॉर्म भरतस नि जातस, पाट कोठे शे ते बी कोणी पाहस नही.

तर भाच्याला फोन केला. विचारूच नको असं नाही म्हटलं मी, विचारायचंच तर मत नको विचारू, काय घडलं ते विचार. अमेरिकेत आयोवामधे १९४३ च्या एका अभ्यासात मक्याच्या हायब्रीड बियाण्याबद्दल २५९ शेतकऱ्यांना विचारलं होतं की पहिल्यांदा कोणाकडून ऐकलं, कोणत्या वर्षी पेरलं, किती पेरलं. उत्तर आलं की ऐकलं विक्रेत्याकडून, पण पटलं शेजाऱ्याचं बघून. रावेरच्या मामांनी केळीचं टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोप कसं लावलं, आठव जरा. तर तो म्हणाला हां, बांधावरच्या शेजाऱ्याचे घड पाहूनच.

म्हटलं मग एक काम कर, फॉर्म ठेव बाजूला, कोणत्याही एका दुकानासमोर संध्याकाळी दोन तास बस आणि वहीत लिही. कुरकुरला. "मामा, सर मान्य नही करावत." तरी गेला, घराजवळच्या शेवभाजीच्या दुकानापाशी.

काल रात्री साडेनऊला त्याचा फोन. या दुकानदाराने फॉर्ममधे डिजिटल पेमेंटला 'पूर्ण सहमत'वर टिक केलं होतं. आणि हा बघतोय तर सात वाजले की तो क्यूआरचा बोर्ड उलटा करून भिंतीकडे फिरवतो, कोणी विचारलं तर नेट नाही म्हणतो, आणि साडेआठला परत सरळ करतो. का, तर पोऱ्यांची रोजची मजुरी रोखीत द्यायची असते, गल्ल्यात तेवढी रोकड जमली की बोर्ड सरळ.

"मामा, हाई कोणता प्रश्नमा टाकू?"

म्हटलं प्रश्नात नको टाकू, पहिल्या पानावर टाक. माझा फॉर्म अजून अकराव्यावरच आहे.