माहेरचा मळा

आमच्या घरात लोणच्यावर बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तरी अख्खी बरणी बाहेर जाते. म्हणून फ्रान्समधलं वाइन करणारं एक घराणं पिढ्यानपिढ्या बुरशीचीच वाट बघत आलं, हे पचायला मला जरा वेळ लागला.

बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न नावाचा मुलूख आहे. तिथे सिराँ ही थंड पाण्याची छोटी नदी गारोनला मिळते आणि पाऊस-थंडीच्या सांध्यावर पहाटे धुकं दाटतं. त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते, दुपारचं ऊन तिला आवरतं. सालीतून पाणी उडून जातं, आत साखर दाटत राहते. ऊन पडलंच नाही, तर तीच बुरशी सगळा घड नासवते. तिथल्या शातो दिकेम, थोडक्यात इकेम, या मळ्यात तोडणी करणारे एकाच वेलीपाशी पुन्हा पुन्हा येतात आणि सुरकुतलेले मणी तेवढे खुडतात. वेलीमागे गोड वाइन निघते जेमतेम पेलाभर. साल बिघडलं तर तेवढीही नाही. 1972, 1974 आणि 1992 या सालांची इकेम निघालीच नाही. वर्षाचं उत्पन्न सोडायचं, तेही नाव राखायला! वारसा म्हणतात तो मला या हट्टात दिसतो.

नावाचं म्हणाल, तर बाटलीवर कित्येक वर्षं 'ल्यूर-साल्यूस' हे आडनाव छापलेलं असे. मळा मुळात त्यांचा नव्हेच. 1593 पासून तो सोव्हाज घराण्याकडे. 1785 मध्ये त्या घरची जोसेफीन ल्यूर-साल्यूसांच्या घरात सून म्हणून गेली, आणि माहेरचा मळा सासरच्या आडनावाखाली गेला. तीन वर्षांत नवरा घोड्यावरून पडून वारला. विशीतल्या त्या बाईने राज्यक्रांतीच्या धामधुमीतही मळा सांभाळला, 1826 मध्ये नवं तळघर बांधलं. ती 1851 मध्ये गेली. बोर्दोच्या वाइनच्या 1855 च्या प्रतवारीत सोतेर्नमध्ये सर्वांत वरचा दर्जा एकट्या इकेमला मिळाला. कौतुक आडनावाच्या वाट्याला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा.

भाऊबंदकीही आपल्यासारखीच. 1996 मध्ये घरच्याच मंडळींनी आपापले हिस्से एलव्हीएमएच या बड्या कंपनीला विकले. कारभार पाहणारे अलेक्झांद्र ल्यूर-साल्यूस कोर्टात भांडले, 1999 मध्ये तडजोड झाली आणि 2004 मध्ये ते इकेममधून बाहेर पडले. गंमत म्हणजे 2012 साली द्राक्षं मनासारखी आली नाहीत, तेव्हा कंपनीनेही इकेम काढली नाही. मालक बदलले, हट्ट राहिला.

अलेक्झांद्र गेले ते शेजारच्या फार्ग गावातल्या मळ्यावर. तिथेही हीच गोड वाइन होते. तो मळा 1472 पासून घराण्यात आहे आणि अजून घरच्यांच्याच हाती आहे. तोही एका सुनेने माहेरहून आणलेला.