अर्ध्या मिलिमीटरची उतरण

फलमाशीचे अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी जी चिलटे आपण हाताने हाकलतो, त्यांच्यातलीच ही माशी. पुण्यात संशोधन करीत असताना एका संध्याकाळी मी असेच एक रंगवलेले अंडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्याचा पुढचा अर्धा भाग गडद तपकिरी आणि मागचा अर्धा जवळजवळ रंगहीन दिसला. रंग हंचबॅक नावाच्या प्रथिनाचा होता. आदल्याच आठवड्यात मी अशाच कोवळ्या अंड्यांमध्ये हंचबॅकचा आरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवण्याचा निरोप, शोधला होता, आणि तो मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच पसरलेला होता. आईने अंड्यात ठेवलेला निरोप सगळीकडे पोहोचलेला, पण तो वाचून प्रथिन तयार झाले ते फक्त पुढच्या भागात. मागच्या भागात नॅनोस नावाचे दुसरे प्रथिन त्या निरोपाचे वाचन थांबवते, हे पुस्तकात वाचलेले होते. डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र ज्यांच्या कामातून हा सारा विषय उभा राहिला, त्या ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ट यांची कारकीर्द मी नव्याने वाचायला घेतली.

त्यांचा जन्म १९४२ चा, जर्मनीतल्या माग्डेबुर्गजवळचा. त्यांचे नाव आज भ्रूणविज्ञानाशी जोडले जाते, पण शिक्षण रेण्वीय जीवशास्त्राचे होते. ट्युबिंगन येथे डॉक्टरेट करताना त्यांनी जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूच्या डीएनएवर आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणारे प्रथिन, नेमके कुठे बसते याचा शोध घेतला. काम नेटके आणि काटेकोर होते, परंतु त्यात पुढे फारसे नवे हाती लागणार नाही असे त्यांना वाटू लागले आणि १९७५ मध्ये त्या स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वाल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत गेल्या, ते मनात एक स्पष्ट प्रश्न घेऊन. अंड्याच्या एका टोकाला डोके आणि दुसऱ्या टोकाला शेपूट होते, ते कशामुळे? क्लाउस झांडर यांनी तुडतुड्यांची अंडी मधोमध आवळून असे दाखवले होते की अंड्याच्या दोन्ही टोकांकडून काहीतरी पसरत असावे आणि त्याच्या कमीजास्त प्रमाणावरून प्रत्येक पेशीला आपली जागा कळत असावी. ते ‘काहीतरी’ म्हणजे कोणता रेणू, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. बाझेलमध्ये त्यांनी बायकॉडल नावाच्या उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकातील बदलाचा, अभ्यास केला. त्याच्या अळ्यांना डोक्याच्या जागीही शेपटीकडचाच भाग येतो. म्हणजे दोन्ही टोके मागचीच.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९७८ मध्ये त्या आणि एरिक विशाउस हायडेलबर्ग येथील युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत एकत्र आले. दोघांनी रसायनाने माश्यांच्या जनुकांत बिघाड घडवले, त्यांच्या हजारो वंशावळी वाढवल्या आणि मेलेल्या अळ्यांची त्वचा, तिच्यावरील बारीक काट्यांच्या ओळींसह, एकाच सूक्ष्मदर्शकाच्या दोन नेत्रिकांतून समोरासमोर बसून एकेक करून तपासली. ३० ऑक्टोबर १९८० च्या ‘नेचर’मध्ये त्यांनी अळीच्या खंडांची संख्या आणि रचना ठरवणाऱ्या पंधरा जनुकांचे वर्णन केले. १९९५ चे नोबेल पारितोषिक त्यांना विशाउस आणि एडवर्ड लुईस यांच्यासह मिळाले, ते मुख्यतः याच वाटेवरील कामासाठी.

मला त्यांच्या कारकिर्दीचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात त्या आपल्या मूळ प्रश्नाकडे आणि आपल्या मूळ विद्येकडे परत आल्या. जनुकांची यादी हाती आली, तरी अंड्याची दिशा ठरवणारा रेणू अजून दिसलेला नव्हता. ट्युबिंगनमध्ये त्यांच्या गटाला बायकॉइड हे जनुक सापडले. मादीत ते निकामी असेल, तर तिच्या अळ्यांना डोके आणि वक्ष दोन्ही नसतात, मग बाप कितीही निरोगी असो. १९८६ मध्ये फ्रोनहॉफर आणि त्यांनी सर्वसाधारण अंड्याच्या पुढच्या टोकातला पेशीद्रव सुईने काढून अशा अंड्यांत सोडला. पुढे सोडला तर हरवलेले भाग पुढे परत आले. मधोमध सोडला तर डोक्याचे भाग मध्येच तयार होऊ लागले. मग १९८८ मध्ये वोल्फगांग ड्रीव्हर यांच्यासह त्यांनी ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रतिद्रव्ये वापरून बायकॉइडचे प्रथिनच रंगवून दाखवले. त्याचा आरएनए अंड्याच्या पुढच्या टोकाला बांधून ठेवलेला असतो, पण त्यापासून बनलेले प्रथिन मागे पसरत जाते आणि विरळ होत जाते. ही झांडर यांच्या कल्पनेतली उतरण होती. आईमध्ये बायकॉइडच्या प्रती कमी केल्या की भ्रूणाच्या डोक्यामागची घडी पुढे सरकते, वाढवल्या की मागे सरकते, हेही त्यांनी दाखवले. बाझेलला निघताना घेतलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला तेरा वर्षे लागली.

प्रथिन रंगवणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच त्या एका चित्रामागची मेहनत कळेल. मला हंचबॅकविरुद्ध प्रतिद्रव्य हवे होते, त्यासाठी आधी प्रथिनाचा तुकडा ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घ्यायचा होता. ३७ अंश तापमानाला आयपीटीजी हे जिवाणूंना प्रथिन बनवायला लावणारे रसायन घातल्यावर, प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर जाडजूड निळा बँड आला आणि आम्ही सारे आनंदलो, पण सगळे प्रथिन गुठळ्या होऊन तळाशी बसले होते आणि वरच्या द्रावणात काहीच नव्हते. या एका अडचणीत माझे सहा महिने गेले. शेवटी तापमान १८ अंशांवर आणून जिवाणूंना रात्रभर संथपणे वाढू दिले, तेव्हा हवे ते प्रथिन धरून ठेवणाऱ्या निकेलच्या स्तंभावरून थोडेसे पण विरघळलेले प्रथिन हाती आले. त्याविरुद्ध सशाच्या रक्तात तयार झालेले प्रतिद्रव्य पहिल्यांदा वापरले, तर आख्खे अंडे एकसारखे तपकिरी झाले. त्या रंगाचा काहीही अर्थ लावता येत नव्हता. प्रतिद्रव्य आधी दुसऱ्याच, म्हणजे हे प्रथिन ज्यांत नाही अशा भ्रूणांबरोबर रात्रभर मिसळून ठेवले आणि नको ते भाग त्यांना चिकटून निघून गेले, तेव्हा कुठे चित्र स्वच्छ झाले.

अंडी गोळा करणे हे त्यातले सर्वांत शांत काम असे. द्राक्षाच्या रसाच्या आगारावर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, मधोमध यीस्टचा लेप लावलेली थाळी माश्यांच्या पिंजऱ्यात ठेवायची, ठरलेल्या वेळाने काढायची, अंडी मऊ कुंचल्याने चाळणीत ओढायची आणि दोन-तीन मिनिटे ब्लीचमध्ये धुऊन त्यांचे बाहेरचे कवच उतरवायचे. त्यानंतर हेप्टेन आणि फॉर्मॅल्डिहाइडमध्ये ती हलवत ठेवायची आणि शेवटी मिथेनॉल घालून बाटली जोराने हलवायची. ज्यांची आतली पातळ आवरणे फाटतात ती अंडी खाली बसतात. बाकीची दोन द्रवांच्या मधल्या रेषेवर तरंगत राहतात आणि ती काढून टाकावी लागतात. बाटलीच्या तळाशी पांढऱ्या कणांचा थर साचताना पाहिला की आज काम होणार असा विश्वास वाटे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी डॉर्सल या प्रथिनाचे उदाहरण सांगते, कारण ‘जनुक चालू आहे का’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही हे त्यातून सर्वांत चांगले कळते. डॉर्सलच्या जनुकाचे उत्परिवर्तन न्युसलाइन-फोलहार्ट यांनी सत्तरच्या दशकातच पाहिले होते: त्याच्या भ्रूणांना पोटाची बाजूच नसते, सगळीकडे पाठच पाठ. डॉर्सलचा आरएनए अंड्यात सगळीकडे असतो, आणि त्याचे प्रथिनही सगळीकडे सारखेच असते. तरीही त्याची उतरण आहे, कारण पोटाच्या बाजूला ते प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते आणि पाठीच्या बाजूला बाहेरच अडवले जाते. १९८९ मध्ये त्यांच्याच गटातील रोट आणि स्टाइन यांच्यासह त्यांनी हे दाखवले. प्रथिन आहे की नाही, किती आहे, आणि पेशीच्या कोणत्या खोलीत आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि प्रत्येकासाठी वेगळा प्रयोग करावा लागतो.

एक वेगळी गोष्टही इथे नोंदवावीशी वाटते. २००४ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठान स्थापन केले, जे मुले असलेल्या तरुण स्त्री-संशोधकांना घरकाम आणि मुलांचा सांभाळ यांसाठी दरमहा पैसे देते. माझी मुलगी लहान असताना भ्रूण रंगवण्याचे वेळापत्रक आमच्या घरकामाच्या मावशींच्या वेळेवर ठरत असे. त्या आल्या नाहीत तर त्या दिवशीची थाळी वाया जाई. ही अडचण ओळखून तिच्यासाठी थेट पैशांची तरतूद करणारी शास्त्रज्ञ मला फार जवळची वाटते.

२००७ मध्ये हिरव्या प्रकाशाने चमकणारे बायकॉइड जिवंत भ्रूणात मोजले गेले, आणि त्या संशोधकांमध्ये एरिक विशाउस होते. बायकॉइड हंचबॅकचे जनुक चालू करते, आणि जिथे हंचबॅकची सीमा पडते, तिथे एका केंद्रकात बायकॉइडचे सुमारे सातशेच रेणू असतात, आणि शेजारच्या केंद्रकातील सुमारे दहा टक्क्यांचा फरक भ्रूणाला ओळखता येतो, असे त्यांना आढळले. तो लेख वाचल्यावर मी जुन्या पेटीतली माझी ती काचपट्टी काढून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तपकिरी रंग आता थोडा फिका झाला आहे, पण मधली सीमा अजून स्पष्ट आहे, आणि केंद्रके मोजत गेले तर गडद ते रंगहीन हा सारा बदल मोजक्या चार-पाच केंद्रकांच्या रुंदीत होतो.