हार्वेस्ट, केडगाव आणि एकशे एकोणिसावं स्तोत्र

पावसाळा सरला की आमच्या मंडळीत, म्हणजे पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये, हार्वेस्टची, पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाची, गडबड सुरू व्हायची. पत्रिकेवर 'उपकारस्तुतीचा सण' असं छापलेलं असायचं, पण तसं म्हणायचे ते फक्त पाळकसाहेब. बाकी सगळे "हार्वेस्टला काय देणार?" एवढंच विचारायचे. आता पेठेत राहणाऱ्या माणसाकडे कसलं आलंय पीक? ससूनमधल्या सिस्टर, खडकीच्या कारखान्यातले कामगार, मिशनच्या शाळेतल्या बाई, असा आमचा कारभार. तरी त्या रविवारी वेदीपुढे ऊस उभे असायचे, भोपळे, केळ्यांचे घड, गव्हाची पिशवी, आणि पाय बांधलेला एखादा कोंबडा. तो नेमका उपदेशाच्या वेळी आरवायचा.

उपासनेनंतर लिलाव. एकच अंडं पाच-सहा वेळा विकलं जायचं, कारण घेणारा पैसे भरून ते पुन्हा मंडळीलाच दान करायचा. आमचे एक काका भोपळ्याची बोली मुद्दाम चढवायचे आणि शेवटी तो भोपळा त्यांच्याच गळ्यात पडायचा. काकू आठवडाभर बोलायच्या नाहीत. मग चहा. पुण्यात मिशनच्या चहाला इतिहास आहे, बरं का! १८९० साली पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, रानडे प्रभृतींना चहा दिला गेला आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या चहानं धर्म बाटला म्हणून प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. आमच्या चहावरून एवढंच व्हायचं की साखर कुणी मोजली.

दुपारी वचन-पाठांतराची स्पर्धा असे, आणि मला त्या दिवसातलं सर्वात जास्त तेच आठवतं. आमच्या संडे स्कूलच्या बाईंनी एकशे एकोणिसावं स्तोत्र धरलं होतं. बायबलमधला सर्वात लांब अध्याय, १७६ ओव्या. मूळ हिब्रूत त्याचे बावीस भाग, हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराला आठ ओव्या. मराठी बायबलातही आलेफ, बेथ, गिमेल ही अक्षरं भागांच्या डोक्यावर दिसतात. बाई या अक्षरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला जे अक्षर येईल त्याने तेवढ्या आठ ओव्या पुढच्या हार्वेस्टपर्यंत पाठ करायच्या. 'नून' आलं की मुलं खूश, कारण "तुझे वचन माझ्या पावलांकरता दिव्यासारखे" ही ओवी त्यातलीच, ती आधीच येत असायची. मला एकदा 'कोफ' आलं. त्यात स्तोत्रकर्ता पहाट होण्यापूर्वीच उठून देवाचा धावा करतो. तेव्हा आमच्या वाड्यात नळाला पाणी पहाटेच यायचं. आई हंडे भरायची आणि मी बाजूला बसून घोकायची. चुकलं की नळाच्या आवाजावर आवाज चढवून आई दुरुस्त करायची. तिला माझ्या आधी पाठ झालं. पुढे कितीतरी वर्षं ती पाणी भरताना तेच पुटपुटायची.

डिसेंबरच्या आधी एकदा तरुण संघाची केडगावची सहल असे. दौंडची गाडी, डब्यात पेटी-तबला, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, आणि समोरच्या बाकावरच्या वारकरी आजोबांनी टाळ्यांचा ठेका धरलेला. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पोहोचलं की दरवर्षी रमाबाईंची तीच गोष्ट सांगितली जायची, आणि दरवर्षी ती ऐकावीशी वाटायची. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या आणि पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. छापलं ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. मला रमाबाईंइतकंच त्या खिळे जुळवणाऱ्या बायकांचं कौतुक वाटतं. दिवसभर एकेक अक्षर उचलून वचन रचायचं, आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसायचं. यातली भक्ती कुठली आणि काम कुठलं, कोण सांगणार?

रात्री शेकोटीभोवती साक्षी व्हायच्या, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उठून सांगायचं. पोरं रडायची, "उद्यापासून रोज तासभर प्रार्थना करीन" म्हणून निर्धार करायची. खरं सांगायचं तर त्या निर्धारांवर माझा फारसा विश्वास नाही. सोमवारी कॉलेजला गेलं की मंगळवारी निम्मे गळायचे. पण त्याच शेकोटीशी एका वर्षी पाळकसाहेब बायबलमधल्या नहेम्याबद्दल बोलले, ते मात्र टिकलं. राजाचा प्यालेबरदार नहेम्या. राजा त्याला विचारतो, तुझी काय विनंती आहे? दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत तो स्वर्गातल्या देवाची प्रार्थना करतो आणि लगेच पुढच्या ओवीत राजाला उत्तर देतो. म्हणजे राजासमोर उभ्या उभ्या, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या श्वासात. गुडघे टेकायलाही वेळ नाही.

हे ऐकून आमच्यातले एक पीएमटीतले कंडक्टर काका म्हणाले, "अहो साहेब, मी तर रोज हेच करतो." स्वारगेट-हडपसर त्यांची गाडी. पूलगेट आलं की मंडळीतलं एक घर, फातिमानगर आलं की दुसरं, वैदूवाडीला तिसरं, असं प्रत्येक थांब्याला एकेका घराचं नाव घेऊन ते प्रार्थना करायचे. कुणी आजारी असलं तर त्याला दोन थांबे. कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "काका, मग बेल कोण मारतं?" "मीच. आमेन म्हटलं की बेल," ते म्हणाले. सगळी शेकोटी हसली. बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेलं "निरंतर प्रार्थना करा" हे वाक्य मला लहानपणी अशक्यच वाटायचं. नोकरी, शाळा, स्वयंपाक सोडून कोण बसणार? काकांच्या तिकिटाच्या पेटीनं ते जरा शक्य कोटीत आणलं.

मंडळीतल्या सुना-मुली आता मगरपट्ट्यात आयटीत आहेत. त्यांच्यातली एक सांगत होती, मीटिंगची लिंक उघडताना स्क्रीनवर ते चाक गोल गोल फिरतं ना, तेवढ्यात ती प्रार्थनेत एक नाव घेते. कंडक्टर काकांना तिनं पाहिलेलं नाही, तिला फक्त गोष्ट माहीत.

पाठांतराच्या चिठ्ठ्या मधली काही वर्षं बंद पडल्या होत्या. यंदा महिला मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. ठराव झाला, साठीच्या पुढच्यांसाठी वेगळा गट करायचा, आणि त्यांना आठऐवजी चारच ओव्या. त्यावर आमच्या एका ऐंशीच्या मावशी उठल्या, "आठ म्हणजे आठ, आम्हाला काय झालंय?" म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे 'शीन' म्हणून दाखवलं, दिवसातून सात वेळा स्तवन करण्याच्या ओवीसकट, एकही शब्द न अडखळता. ठराव मागे घेतला. प्रीतिभोजनाला मटण करायचं की चिकन, यावर मात्र एकमत झालं नाही. ती बैठक पुढच्या रविवारी.