गच्चीवरची भुरी

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की आमच्या गच्चीवरच्या गुलाबाला भुरी आलीच म्हणून समजा. नंदीध्वज बघून घरी यावं, तर कोवळ्या तांबूस पानांना कुणी पिठाचे हात पुसलेत! जिथे धुतलेली चादर तासाभरात खडखडीत वाळते, त्या सोलापुरात बुरशी कशी, याचं मला बरीच वर्षं नवल वाटे. पण भुरीला ओलं पान लागतच नाही. कोरडा दिवस, गार दमट रात्र, एवढ्यावर तिचं भागतं. उलट पाणी साचलं तर तिच्या बीजाणूंचंच बिघडतं.

दोन कुंड्या शेजारी शेजारी आहेत. एकीत नर्सरीतला कलमी, दुसरीत आईचा गावठी. कलमी पंधरा दिवसांत पांढराफटक. गावठीवर मात्र नुसते बारीक तपकिरी ठिपके. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तेल्या आलाय." आमच्याकडे पानावरचा कुठलाही डाग तेल्याच! केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तरी डाळिंबावरचा तेल्या जिवाणूंचा आणि भुरी बुरशीची, हे काकूंना पटवणं अवघड.

मलाही आधी ते ठिपके म्हणजे मोठा रोग वाटला होता. भुरीचा बीजाणू पानावर रुजतो, मेणाचा थर भेदतो आणि पेशीत शोषनळी घालतो. तिला जिवंत पेशीच लागते, मेलेलीतून घास मिळत नाही. ज्या झाडाला तिची चाहूल लागते, ते तेवढ्या जागची आपलीच पेशी मारून टाकतं. पाहुणा पाटावर बसला आणि यजमानाने चूलच विझवली! गावठीवरचे ठिपके बहुधा अशा विझलेल्या चुलींचे.

कलमीला हे जमत नाही. त्याचीसुद्धा जुनी, जाड पानं सहसा वाचतात; भुरीचा डोळा लुसलुशीत पालवीवर. आणि मी मूर्खासारखा युरिया घालून तीच वाढवत होतो.

मामा कासेगावचे, द्राक्षवाले. "गंधक मार की, त्यात काय एवढं?" मारलं. मार्चमध्ये, दुपारी दीड वाजता. पारा ३५ अंशांपुढे गेला की गंधक पानच भाजतं, हे मामांनी नंतर सांगितलं. भुरी गेली, पानंही गेली.

आता नळ येईल त्या सकाळी आई पाइपने कलमीची पानं धुते. भुरी जरा दबते. पण आमच्याकडे नळ रोज कुठे येतो? मधले दिवस भुरीचे.